लहान देशाने संशोधनाचे केंद्र व्हावे काय?

लहान देशाने संशोधनाच्या मागे लागावे काय? पुष्कळ जण म्हणतात, आधी पोटाची सोय पाहावी. प्रयोगशाळा हे श्रीमंत राष्ट्रांचे चोचले. पैशाची अडचण खरीच आहे. परंतु संशोधनाला मोठा भूप्रदेश लागतो, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

आमचा गोवा अवघा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा. तरीही १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय तेथेच, दोना पावला येथे आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही १९८१ साली गोव्याहूनच निघाली. भूमी थोडी, पण समुद्र दाराशी! अर्थात गोव्याच्या पाठीशी सारा भारत होता. स्वतंत्र लहान देशाला असा पाठीराखा नसतो. म्हणून त्याने दहा विषयांत हात न घालता आपल्या दाराशी असलेला एकच विषय निष्ठेने धरावा.

तथापि केवळ साधने पुरत नाहीत. आपल्या उज्जैनचीच वेधशाळा पाहा. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ती बांधली. पुढे वेध घेणारे उरले नाहीत आणि यंत्रे भग्न झाली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला, तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. इमारत एका राजाच्या आज्ञेने उभी राहते. माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या घडवावी लागतात.

म्हणून आमचे उत्तर 'होय' असेच आहे. मात्र आरंभ शाळेपासून व्हावा. विद्यार्थिमित्रहो, नानाखेड्यात पडणाऱ्या पावसाची नोंद तुमच्यापैकी कितीजण ठेवतात?