गुणफलकावर काय मोजले जाते?

व्हिडिओ गेमविषयी घरोघरी जो वाद होतो, तो बहुधा पडद्यावर काय दिसते याभोवती फिरतो. बंदूक दिसली की पालक तो खेळ त्याज्य ठरवतात. रंगीबेरंगी चित्रे दिसली की निर्धास्त होतात. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबातील २६ वर्षांच्या तरुणाचे मत मात्र निराळे आहे. दिवसा पेढीचे हिशेब पाहणारा हा तरुण शाळकरी वयापासून फावल्या वेळात ॲक्शन प्रकारातील खेळ खेळत आला आहे. खेळाची पारख चित्रांवरून न करता हिशेबावरून करावी, असे तो म्हणतो. प्रत्येक खेळ आपल्या खेळाडूच्या कृतींची नोंद ठेवतो. तो कोणती कृती जमेस धरतो, कोणती नावे टाकतो आणि कोणती नोंदतच नाही, एवढे पाहिले की त्या खेळाचा स्वभाव कळतो.

या मताला घरात अलीकडे महत्त्व आले, कारण त्याच्या ११ वर्षांच्या पुतण्याने वर्गातील मुलांप्रमाणे आपल्यालाही मोबाइलवर ‘बॅटलग्राउंड्स’ खेळू द्यावे, असा हट्ट धरला. आजोबांचा सर्वच मारामारीच्या खेळांना विरोध. वहिनींना ठाम नकार देववेना आणि होकारही देववेना. ‘तुम्ही इतकी वर्षे हे खेळ खेळता, तर यातला कोणता मुलाच्या हाती द्यावा ते तुम्हीच सांगा,’ असे त्यांनी दिरालाच विचारले. उत्तरादाखल त्याने सहा खेळांचा जो ताळेबंद मांडला, तो अनेक कुटुंबांना उपयोगी पडेल.

हिशेबाचा सर्वांत उघड नमुना म्हणून तो ‘डूम’कडे बोट दाखवतो. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये आणलेल्या या खेळात मंगळाच्या उपग्रहांवर अडकलेला एक सैनिक राक्षसांशी लढतो, एवढीच कथा. प्रत्येक टप्पा संपला की पडद्यावर तीन टक्केवाऱ्या उमटतात : किती शत्रू मारले, किती वस्तू मिळवल्या आणि किती गुप्त जागा शोधल्या. त्याखाली लागलेला वेळ. या तरुणाला ‘डूम’ आजही आवडतो. त्यातील वेग, चक्रव्यूहासारख्या वाटा आणि केवळ आवाजावरून धोक्याची दिशा ओळखण्याचे कसब यांना तीस वर्षांनंतरही तोड नाही, असे तो म्हणतो. खेळ स्वतःविषयी खोटेही बोलत नाही. संहार मोजतो आणि तसे स्पष्ट लिहितो. गंमत अशी, की टप्पा पार करण्यासाठी सर्वांना मारण्याची अट मुळात नाही. बाहेर पडण्याची कळ गाठली की पुरे. जगातील काही निष्णात खेळाडू एकाही राक्षसावर वार न करता टप्पे पार करण्याची चढाओढ करतात. परंतु गुणफलकाला या कौशल्याची किंमत कळत नाही. पहिल्या रकान्यात शून्याच्या आसपासचा आकडा दाखवून तो मोकळा होतो.

पुतण्याला हव्या असलेल्या खेळाचा इतिहास बहुतेक घरांना ठाऊक आहे. ‘पबजी मोबाइल’वर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. पुढे दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने नवी आवृत्ती आणली. तीत रक्ताचा रंग हिरवा झाला, ‘किल’ या शब्दाच्या जागी ‘फिनिश’ आला आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. वेळेची मर्यादा हा तरुण स्वागतार्ह मानतो. बाकीच्या बदलांवर मात्र त्याचा शेरा पेढीवरचा आहे : पोत्यावरची चिठ्ठी बदलली, आतला माल तोच राहिला. शंभर जण पॅराशूटने उतरतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते आणि अखेर एक जण किंवा एक चमू उरतो. दुसरा संपला तरच आपली जमा वाढते.

या खेळाचे गुणही तो नाकारत नाही. महाविद्यालयीन दिवसांत आणि नंतर टाळेबंदीत चार मित्र रोज रात्री एकमेकांशी बोलले ते याच खेळाच्या निमित्ताने. केव्हा पुढे जावे आणि केव्हा दबा धरून थांबावे, याचा अंदाज बांधण्यात खरी बुद्धी लागते. त्याची मुख्य तक्रार हिंसेपेक्षाही दुसऱ्याच गोष्टीविषयी आहे. हा खेळ संपतच नाही. एक डाव अर्ध्या तासात आटोपला की दुसरा तयार असतो. नवा हंगाम आला की कमावलेली श्रेणी खाली येते आणि चढण पुन्हा सुरू होते. शिवाय खरे पैसे मोजून ज्या पेट्या उघडायच्या, त्यांत कोणता पोशाख निघेल हे आधी कळत नाही. नमुना न पाहता केलेल्या सौद्याला मार्केट यार्डात कोणी शहाणपण म्हणणार नाही. मग तो अकरा वर्षांच्या मुलाला का शिकवावा, असा त्याचा प्रश्न आहे.

याउलट, मारण्याची नोंद ठेवून ती खेळाडूसमोर उभी करणारा खेळ म्हणून तो ‘मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर’ची शिफारस करतो, अर्थात प्रौढांसाठी. जपानच्या हिदेओ कोजिमा यांचा हा खेळ २००४ मध्ये आला. काळ १९६४ चा, शीतयुद्धाचा. स्थळ सोव्हिएत प्रदेशातील अरण्य. लपतछपत पुढे जायचे असते. पहारेकऱ्याला ठार मारता येते, तसेच गुंगीच्या औषधाची बंदूक वापरून झोपवताही येते. कथेच्या उत्तरार्धात नायकाला एका नदीतून चालत जावे लागते आणि समोरून त्याने आजवर मारलेल्यांचे आत्मे येऊ लागतात. या तरुणाने पहिल्या खेपेला दिसेल तो पहारेकरी मारला होता. नदीतील ती रांग संपता संपेना. दुसऱ्या खेपेला त्याने बहुतेकांना झोपवले आणि तेच पाणी जवळजवळ मोकळे मिळाले. कोणी उपदेश केला नाही, गुण कापले नाहीत. फक्त जुनी खतावणी उघडून दाखवली. त्याच्या मते ॲक्शन खेळांच्या इतिहासात याहून प्रामाणिक प्रसंग विरळा. दोष एवढाच, की मधली चित्रदृश्ये फार लांबतात आणि खेळणारा बराच वेळ केवळ प्रेक्षक होऊन बसतो.

फ्रान्समधील आर्केन स्टुडिओजचा २०१२ चा ‘डिसऑनर्ड’ हाच विचार पुढे नेतो. डनवॉल हे कल्पित शहर उंदरांमुळे पसरलेल्या साथीने ग्रासले आहे. नायकावर राजहत्येचा खोटा आळ आहे. सूड घेण्याची सर्व साधने त्याच्याजवळ असली, तरी एकालाही न मारता खेळ पूर्ण करता येतो. जितके बळी अधिक, तितके शहरात उंदीर अधिक, रोगी अधिक आणि शेवट अधिक काळोखा. एका माणसाच्या रागाची किंमत सगळे गाव मोजते, ही कल्पना या तरुणाला अतिशय भावते. तरीही खेळाच्या हिशेबात दोन चुका आहेत, असे तो बजावतो. पहिली म्हणजे, मिळणाऱ्या शक्ती आणि शस्त्रे यांपैकी बहुतेक मारण्यासाठीच आहेत. संयमाने खेळणाऱ्याची निम्मी पेटी न उघडताच राहते. दुसरी अधिक गंभीर आहे. मुख्य शत्रूंना न मारता दूर करण्याचे काही मार्ग मृत्यूहून क्रूर आहेत. दोघा भावांच्या जिभा छाटून त्यांना त्यांच्याच खाणीत राबायला धाडले जाते. एका स्त्रीला बेशुद्ध करून, तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या पुरुषाच्या हवाली केले जाते. वहीत ‘एकही बळी नाही’ असे लिहिले जाते. अशी वही बरोबर जुळते, पण ती खरी नसते.

येथे आजोबांनी हस्तक्षेप केला. उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा त्यांनी सर्वांना आठवून दिली. अशुभ स्वप्न पडले म्हणून आईने पशुबळीचा आग्रह धरला. राजाने तो मानला नाही, परंतु अखेर तडजोड म्हणून पिठाच्या कोंबड्यावर वार केला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी माता-पुत्रांना त्या संकल्पाचे फळ अनेक जन्म भोगावे लागले. ‘तुझ्या पडद्यावरचा राक्षस पिठाच्या कोंबड्याहून वेगळा कसा?’ असा त्यांचा सवाल होता.

नातवाने ही कथा उडवून लावली नाही. उलट, आपल्या कसोटीला ती बळच देते, असे त्याने सांगितले. कथेत दोष पिठाचा नव्हता. हाताने वार करताना मनाने काय मागितले, त्याचा होता. खेळाचा गुणफलक हेच ठरवत असतो, की तासन्‌तास खेळणाऱ्याच्या मनाने काय मागत राहावे. ‘डूम’ खेळताना आपल्या मनात द्वेष नसतो, लक्ष वेळेवर आणि पावलांवर असते, असेही त्याने नमूद केले. आजोबांना हे अर्धेच पटले. द्वेष नसला तरी सवय असते, आणि सवयीला आपण करतो आहोत ते दिसेनासे होते, असे ते म्हणाले. या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि तसा आव कोणी आणलाही नाही.

उरलेले दोन खेळ त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते. निन्टेंडोचा ‘स्प्लॅटून’ २०१५ मध्ये प्रथम आला. चौघांविरुद्ध चौघे, हातात रंगाच्या पिचकाऱ्या आणि मुख्य प्रकारात तीन मिनिटांचा डाव. प्रतिस्पर्ध्याला रंगाने भिजवून काही क्षण बाद करता येते, परंतु निकाल त्यावर लागत नाही. डावाच्या अखेरीस कोणी किती जमीन आपल्या रंगाने रंगवली, एवढेच मोजले जाते. नेमबाजीत कच्चा असलेला खेळाडूही कोपऱ्यातील जागा निगुतीने रंगवून चमूला जिंकून देऊ शकतो. लढाईची सगळी चुरस ठेवून हिशेबाचा रकाना तेवढा बदलला, आणि खेळाची वृत्तीच पालटली. मात्र त्यासाठी निन्टेंडोचे यंत्र घ्यावे लागते आणि ते स्वस्त नाही, हेही त्याने लपवले नाही.

दुसरा खेळ कोजिमा यांचाच, २०१९ चा ‘डेथ स्ट्रँडिंग’. यातील नायक हमाल आहे. उजाड झालेल्या अमेरिकेत पाठीवर माल लादून, डोंगर आणि नद्या ओलांडून तो वस्त्या-वस्त्यांपर्यंत पोहोचवायचा. ओझे एका बाजूला कलले तर तोल जातो, पडले तर माल खराब होतो. पोहोचल्यावर मोजतात ते मालाची स्थिती, वजन आणि वेळ. वाटेत शस्त्र उचलता येते, पण माणूस मारला तर त्याचे शव स्वतः दूरच्या दहनभट्टीपर्यंत न्यावे लागते; तसेच टाकून दिले तर भयंकर स्फोट होतो. एका खेळाडूने नदीवर ठेवलेली शिडी दुसऱ्या, कधीही न भेटणाऱ्या खेळाडूच्या उपयोगी पडते. पहिले काही तास कंटाळवाणे आहेत, हे तो मान्य करतो. तरीही ट्रकमधून उतरणारा माल रोज मोजून घेणाऱ्याला हा खेळ आपला वाटला, यात नवल नाही.

अमेरिकेत १९९४ पासून खेळांवर वयोगटाची खूण छापली जाते. त्यानुसार ‘स्नेक ईटर’, ‘डिसऑनर्ड’ आणि ‘डेथ स्ट्रँडिंग’ १७ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. ‘स्प्लॅटून’ १० वर्षांवरील मुलांसाठी. ही खूण पालकांनी आधी पाहावी, परंतु तेवढ्यावर थांबू नये, असा या तरुणाचा सल्ला आहे. मुलाशेजारी बसून एक डाव शेवटपर्यंत पाहावा आणि डाव संपल्यावर पडद्यावर जे आकडे येतात ते वाचावेत. खेळ कधी थांबतो का, आणि तो मध्येच पैसे मागतो का, हेही त्याच बैठकीत समजते.

घराचा निर्णय ठरला. ‘बॅटलग्राउंड्स’ला नकार, ‘स्प्लॅटून’ला होकार, पण यंत्र वार्षिक परीक्षेनंतर येईल, दिवाणखान्यातच राहील आणि शनिवार-रविवारीच सुरू होईल. काकानेही स्वतःहून एक मर्यादा स्वीकारली : पुतण्या जागा असताना ‘डूम’ लावायचा नाही. आजोबांनी आपला विरोध मागे घेतला नाही. केवळ एक अट जोडली. यापुढे कोणताही नवा खेळ घरात येण्यापूर्वी त्याच्या गुणफलकावरील रकाने मुलाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. पुतण्याने लगेच विचारले, ‘आणि रकाना चांगला असेल, पण आत लबाडी असेल तर?’ हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आजोबांना हा प्रश्न फार आवडला.