पोरांना खेळायला जागा कोण देणार?

सदर : घर आणि गाव

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "पोरं दिवसभर उन्हातान्हात हुंदडतात, घरात ठरत नाहीत." पण घरात ठरणार तरी कुठे? आई सकाळीच कामावर गेलेली, बाप एमआयडीसीत पाळीवर, घर दोन खोल्यांचे. मुलगा निदान रस्त्यावर, नाहीतर कुणाच्या तरी रिकाम्या प्लॉटवर बॅट-चेंडू घेऊन जातो. मुलीच्या वाट्याला तेवढेही येत नाही. दहा-बारा वर्षांची झाली की "पुरे झाला खेळ, भांडी घास" म्हणून तिला उंबऱ्याच्या आत घेतले जाते. म्हातारी माणसे विहाराच्या ओट्यावर दिवस काढतात. आणि घरातल्या बाईला विरंगुळा हवा असतो, हे तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हा आपल्या घरातला प्रश्न आहे असे समजून आपण पोरांवर ओरडतो आणि गप्प बसतो. पण पोरांना मैदान असावे की नाही, बाग कोणत्या पेठेत व्हावी, दिवे कुठे लागावेत, गावाच्या पैशातून कोणता कार्यक्रम व्हावा, हे सारे नगरपालिकेच्या कागदावर ठरते. तो कागद आपण कधी पाहतो का? आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे.

वाईचे घाट आणि घटनेचे कलम

वाई हे घाटांचे गाव. कृष्णेच्या काठाने दगडी घाटांची रांग आहे. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. पुढे सिनेमावाल्यांनाही हे घाट आवडले. 'गंगाजल'चे चित्रीकरण वाईत झाले, 'स्वदेस'चे शेजारच्या मेणवलीला. संध्याकाळी वारा खात बसावे, लेकरांना पायऱ्यांवर खेळू द्यावे अशी ही जागा. बाग हा शब्द रुळण्याच्या आधीपासून वाईकरांची करमणूक, गप्पा, उत्सव आणि सभा यांची जागा म्हणजे घाटच.

पण घाट सगळ्यांचा, असे आज आपण सहज म्हणतो ते आपोआप झालेले नाही. भारतीय संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर स्नानाच्या घाटांचाही उल्लेख आहे. सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. घटनाकारांना 'करमणुकीची जागा' ही गोष्ट घटनेत लिहावीशी वाटली, याचा विचार करा. पाण्याचा हक्क आणि करमणुकीचा हक्क त्यांनी एकाच कलमात बसवला.

त्यामागे महाडचा अनुभव होता. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे मात्र होते तसेच बंद राहिले. मग १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला की, ज्या नगरपालिका हे पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवा. तरीही ओंजळभर पाणी मिळाले ते २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

ठराव, अनुदान, रेटा आणि कोर्ट अशा चारही वाटांनी ते तळे खुले झाले. आज कुणी आपल्याला बागेतून हाकलत नाही. पण वस्तीच्या जवळ बागच नसेल, तर खुल्या फाटकाचा उपयोग काय?

जागा कोण राखून ठेवते?

शहराचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने तयार होतो. सर्वसाधारणपणे वीस वर्षांतून एकदा त्याची फेरतपासणी होते. या नकाशात शाळा, दवाखाना, बाजार, बाग, क्रीडांगण यांसाठी जमिनी राखून ठेवतात, म्हणजे त्यांवर आरक्षण टाकतात. प्रारूप नकाशा राजपत्रात व स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर होतो आणि हरकती-सूचनांसाठी लोकांना ३० दिवस मिळतात. ज्यांच्या जमिनी आरक्षणात जातात ते वकील घेऊन हजर असतात. ज्यांच्या लेकरांना मैदान मिळणार असते ते मात्र त्या दिवशी कामावर असतात. मग नकाशावर कुणाचा शब्द उमटणार?

आरक्षण पडले म्हणजे मैदान झाले, असेही समजू नका. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण उठते. कुणी ओरडत नाही, मोर्चा निघत नाही, मैदान गुपचूप नाहीसे होते. काही वर्षांनी तिथे इमारत उभी राहते आणि आपण म्हणतो, "पूर्वी इथे पोरं खेळायची."

शहराला जागा किती लागते? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत वाई शहराची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. माणशी १० चौरस मीटर धरले तरी ३६ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ८९ एकर होतात! शिवाय २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर, आणि त्याहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडायचे असतील तर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपल्या भागात अशी सोडलेली जागा कुठे आहे? तिला कुंपण कुणी घातले? तिथे गाड्या लागतात की मुले खेळतात? सुट्टीच्या दिवशी नकाशा हातात घेऊन एक फेरी मारून पाहा.

राखलेली बाग वाचवता येते, याचा दाखलाही आहे. बंगळूरच्या राजमहाल विलास भागात उद्यानासाठी ठेवलेली जागा एका खासगी ट्रस्टला इस्पितळासाठी देण्यात आली. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले आणि उद्यानाच्या जागेसाठी दाद मागण्याचा हक्क तिथे राहणाऱ्या साध्या नागरिकालाही आहे, हे मान्य केले. इस्पितळ हे चांगलेच काम. तरी बागेची जागा बागेचीच, असा त्या निकालाचा अर्थ.

पैसा कुठून येतो?

नगरपालिकेचा कायदा १९६५ चा. त्यात दिवाबत्ती, सफाई, पाणी ही कामे बंधनकारक आहेत. बागा आणि वाचनालये मात्र स्वेच्छेच्या कामांत आहेत, म्हणजे केली तर केली. ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगीचे, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक कार्य हे नगरपालिकांकडे सोपवण्याचे विषय म्हणून लिहिले. दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा हेही त्याच यादीत आहेत. पण स्वेच्छेच्या कामाला पैसा तेव्हाच मिळतो, जेव्हा कुणीतरी आग्रह धरून बसते.

अंदाजपत्रकाची तयारी डिसेंबरात सुरू होते आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत ते मंजूर व्हायचे असते. आपण निवेदन घेऊन जातो एप्रिलमध्ये, जयंतीच्या तोंडावर! तोवर पैसे वाटून झालेले असतात. नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दुर्बल घटकांसाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम बाजूला ठेवायची असते. मागच्या वर्षी ती कशावर खर्च झाली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत.

आपण मागतो तरी काय? गटार, रस्ता, समाजमंदिर, कमान. गटार आणि रस्ता हवाच. पण मुलींसाठी संध्याकाळचा खेळाचा तास, दिवा असलेले मैदान, म्हाताऱ्यांसाठी सावलीतला बाक, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, हे आपल्या निवेदनात असते का? ज्या बागेत बाईसाठी स्वच्छतागृह नाही, तिथे ती लेकरांना घेऊन तासभरसुद्धा बसू शकत नाही. आणि आई गेली नाही तर मुलगीही जात नाही.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक दार ठोठावावे. महाराष्ट्रात १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने स्थापन झालेले मंडळ आहे. दर सहा महिन्यांनी कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम आणि मालकाचा हिस्सा तिथे जमा होतो. त्यातून वाचनालये, शिवणवर्ग, शिशुवर्ग, नाट्यस्पर्धा चालतात. आपल्या पगारपत्रकावर ही कपात दिसत असेल, तर त्या सोयींवर आपल्या घरच्यांचा हक्क आहे.

उत्सवाचे नियोजन

वाईत माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी असे घाटाघाटांवर तो पाळीपाळीने होतो. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. पण दिवस आधी ठरलेले, जागा ठरलेली, कामे वाटलेली, ही शिस्त पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यातली वसंत व्याख्यानमालाही शंभर वर्षांची परंपरा सांगते. तिथे बसून ऐकायला फक्त वेळ काढावा लागतो. आपल्या किती मुलामुलींना आपण तिथे घेऊन गेलो?

नियोजन नसले तर काय होते, हेही वाई तालुक्याने पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. चढाची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, त्यातच आग आणि गॅस सिलिंडरचे स्फोट. तीनशेच्या आसपास माणसे गेली, त्यांत बायका आणि लेकरे होती. गर्दी येणार हे ठाऊक होते. येण्याची वाट एक आणि जाण्याची दुसरी, दुकाने वाटेपासून लांब, पाणी, दिवे, डॉक्टर अशा साध्या गोष्टींवर जीव टांगलेले असतात.

म्हणून भीमजयंतीच्या मिरवणुकीचेही तसेच नियोजन हवे. मार्ग अरुंद असेल तर रुंद ठेवा. विजेच्या तारांची उंची पाहून रथ सजवा. बायका आणि मुले सुरक्षित चालतील अशी दोरी धरा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना बारापर्यंत सवलत देता येते, आपला दिवस त्या यादीत आहे का ते आधी विचारून घ्या. नगरपालिकेकडे पाण्याचा टँकर, फिरते स्वच्छतागृह, दुसऱ्या दिवशीची सफाई लेखी मागा. ६ डिसेंबरला मुंबईत लाखो माणसे येतात, तेव्हा महानगरपालिका दादरच्या शिवाजी पार्कवर मंडप, पाणी, शौचालये, आरोग्य कक्ष यांची सोय करते. ते शक्य होते, कारण १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले ते मैदान अजून मैदानच राहिले आहे.

या वर्षी काय करावे?

वस्तीतल्या पाच जणांनी, त्यांत निदान तीन बायका असाव्यात, एक वही करावी. पहिल्या पानावर आपल्या भागातल्या बाग-मैदानाच्या आरक्षणांची यादी, प्रत्येकापुढे आरक्षण पडल्याचे वर्ष. दुसऱ्या पानावर मागच्या अंदाजपत्रकातले बागा, महिला-बालकल्याण आणि दुर्बल घटक यांचे आकडे. तिसऱ्या पानावर आपल्या मागण्या, फक्त तीन, पण नेमक्या. हे निवेदन नोव्हेंबरात द्यावे, पोच घ्यावी, आणि फेब्रुवारीत पुन्हा जाऊन विचारावे.

आणि एक काम आजच करता येईल. संध्याकाळी भांडी तशीच राहू द्या, मुलीला हाताला धरून घाटावर किंवा जवळच्या मैदानावर न्या आणि तासभर तिला मनसोक्त पळू द्या. शेजारणीलाही बोलवा. चार बायका आणि दहा पोरी रोज एका जागी दिसू लागल्या, की ती जागा कुणाला सहजासहजी गिळता येत नाही.

जय भीम!