घरी राहिलेलं मत कुणाच्या पदरात?

समजा, तुमच्या गावच्या मतदारयादीत बायांची ४०० नावं आहेत. गावात परवान्याचं देशी दारूचं दुकान आहे आणि ते बंद करावं म्हणून बायांचं मतदान लागलं आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं आहेत, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मतदानाला २२० जणी आल्या. १९५ जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, २५ जणींनी उभ्या. सांगा पाहू, कोण जिंकलं?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय, चौथीतलं पोरगंही सांगेल. पण वाचकहो, दुकान जिंकलं! दुसऱ्या दिवशी त्याचं शटर नेहमीच्या वेळेला वर जाणार. कारण या मतदानात मोजणी आलेल्यांची होत नाही, यादीची होते. यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद होतं. ४०० नावांना २०१ मतं पाहिजेत. सहा कमी पडली. ज्या १८० जणी आल्याच नाहीत त्यांनी शेतात, घरात, परगावी राहून उभ्या बाटलीला मत देऊन टाकलं, आणि त्यातल्या बहुतेकींना ते ठाऊकही नाही.

हा नियम राज्य शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशातला आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सहीनिशी मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसं सह्या तपासतात, त्या खऱ्या निघाल्या की गुप्त मतदान लागतं. म्हणजे आपल्या ४०० नावांच्या गावात १०० सह्या किंवा अंगठे झाले की दार उघडलं. सगळ्या मतदारांनी मिळूनही, बाप्ये धरून, अशी मागणी करता येते. पण अनुभव असा की बाप्ये सही करताना हजर आणि मत टाकताना बेपत्ता असतात. तेव्हा बायांचं मतदान मागितलेलं बरं.

आता हे पुराण आज का काढलं, असं कुणी विचारील. म्हणून थोडं मागे जाऊ.

गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिथे गावोगाव दारूच्या विरोधात सभा आणि ठराव झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग होते, मेंढा-लेखाचे देवाजी तोफा होते, आणि ज्यांची नावं कुठेच छापून आली नाहीत अशा हजारो बाया होत्या. १९९३ साली शासनाला जिल्ह्यात दारूबंदी करावी लागली. चंद्रपुराची पाळी यायला आणखी बावीस वर्षं लागली. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी चालत गेल्या. ऐन थंडीत, पायातली चप्पल तुटली तर हातात घेऊन. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. शेवटी १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

आणि २७ मे २०२१ ला मुंबईत मंत्रिमंडळाची एक बैठक झाली आणि ती बंदी उठली. रमानाथ झा समितीचा अहवाल पुढे ठेवण्यात आला. बंदी फसली, चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, असं कारण सांगितलं. जुलैपासून दुकानं पुन्हा उघडू लागली.

ते कारण अगदीच खोटं होतं असं आम्ही म्हणणार नाही. बंदीच्या काळात चोरटी दारू येत होती हे पोराबाळांनाही माहीत होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाचा त्याच गाडीखाली जीव गेला, हेही या जिल्ह्यानं पाहिलं. पण चोर पकडता येत नाही म्हणून कुलूप काढून टाकायचं, हा न्याय आमच्या टाळक्यात शिरत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की बंदी आणायला बायांना वर्षानुवर्षं चालावं लागलं, ती उठवताना त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

जिल्ह्याची बंदी गेली, पण २००८ चा आदेश गेला नाही. उलट दुकानं परत आली म्हणूनच तो आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांच्या कामाचा झाला. जिथे परवाना आहे तिथे मतदान मागता येतं. त्यासाठी मंत्र्याकडे जायचं कारण नाही, मोर्चाही लागत नाही. लागते ती फक्त यादी. आणि घोडं तिथंच पेंड खातं.

तुमच्या गावची मतदारयादी कधी हातात घेऊन वाचली आहे काय? उमेदवाराचा माणूस निवडणुकीच्या आधी वाचतो, आपण नाही वाचत. एकदा पारावर बसून मोठ्यानं वाचा. पहिल्याच पानावर एखादी म्हातारी सापडेल, जिची तेरवी होऊन चार वर्षं झाली. पुढे एखादी पोरगी सापडेल, जी लग्न होऊन भद्रावतीला नांदते आहे, दोन लेकरांची आई झाली, पण यादीत अजून बापाच्या घरी आहे. आणि गावात आलेल्या चार सुना मात्र यादीतच नाहीत, त्या त्यांच्या माहेरच्या यादीत आहेत. निवडणुकीत याचा फारसा फरक पडत नाही, कारण तिथे पडलेल्या मतांतून निकाल लागतो. इथे पडतो. सरणावर गेलेली म्हातारी आणि सासरी गेलेली पोरगी, दोघींची नावं एकूण संख्येत धरली जातात, म्हणजे दोघी उभ्या बाटलीच्या बाजूला. ४०० पैकी अशी ४० नावं निघाली तर २०१ चा आकडा १८१ वर येतो. वर सांगितलेल्या गावात १९५ मतं पडली होती. ते गाव यादीमुळे हरलं!

म्हणून सह्या गोळा करायच्या आधी यादी साफ करा. मयत आणि कायम गाव सोडून गेलेल्यांसाठी नमुना ७ भरायचा, नव्या नावासाठी नमुना ६, आणि माहेरचं नाव सासरच्या यादीत आणायला नमुना ८. फॉर्म बीएलओकडे मिळतात. बीएलओ म्हणजे बहुतेक गावांत शाळेचे गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्यांचीच नावं येत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. एक मात्र सांभाळा. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बाईचं नाव काढायला लावू नका. ती पोटासाठी गेली, गाव सोडून नाही. दोन महिन्यांनी ती याच गावात येणार, आणि तिच्या घरापुढून रात्री कोण बरळत जातो ते तिलाच सोसायचं आहे.

तिच्यावरून आठवलं. मतदान केव्हा लागतं, यावर अर्धा निकाल ठरतो. आपल्या भागाचं वर्ष पहा. फेब्रुवारी-मार्चात अर्धं गाव मिरचीवर. मार्च-एप्रिलात मोहफुलं, पहाट फुटायच्या आत बाई झाडाखाली. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्टात रोवणं, तेव्हा चिखलातून बाई वर निघत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी आणि मळणी. उरतो सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मधले काही दिवस. कार्यालयातल्या साहेबांच्या कॅलेंडरवर तेंदूपत्ता छापलेला नसतो, त्यांना तारखेनं तारीख सारखी. तेव्हा मागणीच्या अर्जातच लिहून द्या की अमुक महिन्यात गाव जंगलात असतं, मतदान तेव्हा लावू नये.

दुकानदाराचं गणित किती सोपं आहे ते ध्यानात घ्या. त्याला एकही मत मागावं लागत नाही. बाया घरी राहिल्या की झालं. त्या दिवशी कुणी दुप्पट मजुरीवर कामाला बोलावलं, कुणी ट्रॅक्टर लावून देवदर्शनाला न्यायची गोष्ट काढली, तर थोडं थांबून विचार करा की आजच हा उमाळा काहून आला.

आमच्या बाया मतदानाला निघत नाहीत, असं कुणी म्हणू नये. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१.८८ टक्के मतदान झालं, सगळ्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त. चंद्रपुरात ६७.५५ टक्के झालं. राज्याचं सरासरी एकसष्टच्या आसपास. गडचिरोलीकडच्या भागात दुपारी तीनलाच मतदान संपतं, तरी माणसं नाले ओलांडून पोचतात. आता तेवढ्याच जणी बाटलीच्या मतदानाला आल्या असं धरा. शंभरातल्या ७२ आल्या, तर त्यातल्या ५१ जणींनी आडवीवर शिक्का मारला की काम फत्ते. दहातल्या सात पुरतात. पण शंभरातल्या ५५ च आल्या तर त्यातल्या ५१ लागतात. तेवढी एकी सख्ख्या भावांतही नसते.

इथे एक प्रश्न सरकारला. आमदार निवडून यायला यादीच्या निम्मी मतं लागत नाहीत. पडलेल्या मतांत ज्याला जास्त तो आमदार, मग ती तीस टक्के का असेनात. त्याच आमदारांच्या सभागृहातलं सरकार गावातल्या बाईला मात्र सांगतं की तू यादीतल्या मेलेल्यांचीसुद्धा मतं घेऊन ये. हा कुठला तराजू? निम्म्याहून जास्त मतदान झालं तर पडलेल्या मतांचं बहुमत धरावं, आणि ते जमत नसेल तर निदान मतदानाआधी त्या गावची यादी खात्यानं स्वतः तपासून द्यावी. ही मागणी तुमच्या आमदाराला लेखी द्या, पोच घ्या, आणि डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरेल तेव्हा तिचं काय केलं ते विचारा. तोंडी सांगितलेलं ते गाडीत बसेपर्यंत विसरतात.

गडचिरोलीच्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे परवानाच नाही, आम्हाला याचं काय? तुमच्याकडे २०१६ पासून मुक्तिपथचं काम चालू आहे. निवडणुकीत दारू वाटणार नाही असं उमेदवारांकडून लिहून घ्यायचा पायंडाही तुम्हीच पाडला, तो इकडच्या ग्रामपंचायतींनी उचलावा असा आहे. पण वैनगंगेच्या या काठावर सावली, ब्रह्मपुरी, गोंडपिपरी तालुक्यांत दुकान उघडलं की बाटली पूल ओलांडते. त्या गावांत तुमच्या लेकी दिल्या आहेत, बहिणी नांदतात. मतदान लागेल तेव्हा त्यांना निरोप धाडा. चोरट्या दारूवर मात्र मतपेटीचा इलाज नाही, हे कबूल. तिथे पोलीस आणि ग्रामरक्षक दल, आणि त्यांच्या मागे लागणारं गाव.

तूर्त एवढं करा. ग्रामपंचायतीतून नाहीतर गुरुजींकडून यादी मिळवा. लाल पेन घेऊन मयत किती, सासरी गेलेल्या किती, नाव नसलेल्या सुना किती, ते मोजा. किती निघतात ते या पानाला पोस्टकार्डावर कळवा, गावाच्या नावासकट छापू.