अब्बांची विचारपूस कोण करतं?

घरात अम्मीचा इंतकाल होतो. जनाजा उठतो, तीन दिवस शेजारपाजारून जेवणाचे डबे येतात, चाळिसाव्यापर्यंत पाहुण्यांची ये-जा असते. मग मुलगा पुण्याला किंवा दुबईला परततो आणि अब्बा घरात उरतात. लोक म्हणतात, 'मर्द माणूस आहेत, सावरतील.'

१९६९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पार्क्स, बेंजामिन आणि फिट्झगेराल्ड यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी गमावलेल्या, ५५ वर्षे व त्यापुढच्या ४,४८६ पुरुषांची त्यात नोंद होती. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होते आणि सर्वांत मोठी वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंत होती. पुढे धोका हळूहळू ओसरला. आकडे ब्रिटनचे आहेत, पण पहिले सहा महिने जपायचे, हे इथेही समजण्यासारखे आहे.

आपल्याकडे कारणेही डोळ्यांसमोरची आहेत. बीपीची गोळी अम्मी हातात देत असे. भाजीत मीठ किती, हे तिला ठाऊक. बहिणीशी, साडूशी, सुनेच्या माहेरी फोन तीच करायची. अब्बांची सगळी नाती तिच्यामार्फत चालत होती. आमच्या धंद्यात सगळा भार एकाच सर्व्हरवर टाकणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत, घरात मात्र आपण चाळीस वर्षे तेच चालवतो.

बेवा स्त्रीचे हाल मोठे आहेत, पैशाचे आणि बंधनांचेही. ते कमी लेखायचे नाहीत. पण इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांत बायका तिच्याजवळ येऊन बसतात, रडू देतात. पुरुषाला इद्दत नाही, आणि रडायला जागाही नाही. एकाच छपराखाली मुलगा-सून असूनही दिवसभरात कुणी दोन वाक्ये बोलले नाही, तर त्याला आधार कसा म्हणायचा?

हजरत खदीजा (रजि.) आणि चाचा अबू तालिब एकाच वर्षी गेले, म्हणून ते 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष. त्यानंतर हजरत खौला बिन्त हकीम यांनी स्वतःहून प्रेषितांपुढे (स.) निकाहचा विषय काढला, असे सीरतच्या ग्रंथांत येते. हजरत सौदा (रजि.) याही बेवाच होत्या. आज साठीतल्या अब्बांनी असा विषय काढला की मुलांना आधी फ्लॅट आठवतो, 'लोक काय म्हणतील' हे नंतर. मुले असतील तर वारशात पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश. एवढ्यासाठी बापाला एकटे ठेवायचे? अर्थात, मोफत स्वयंपाकीण हवी म्हणून निकाह लावणेही तितकेच वाईट. तिची मर्जी, तिचा मेहर आणि तिचे राहते घर आधी पक्के व्हायला हवे.

मशिदीच्या कमिट्या रंगरंगोटी आणि एसीसाठी चंदा गोळा करतात, ठीक आहे. पण वर्षानुवर्षे फजरच्या सफमध्ये उभा राहणारा म्हातारा चार दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जायचे कुणी, हे ठरलेले नसते. मोहल्ल्यातल्या एकट्या बुजुर्गांची यादी करायला एक वही पुरते. सहा महिने दर जुम्याला दोन तरुणांनी जावे, गोळ्यांचे पाकीट पाहावे, चहा तिथेच प्यावा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यावी. आणि जमल्यास डाळ-खिचडी शिकवावी, म्हणजे रात्रीचे जेवण बिस्किटांवर भागणार नाही.