गिनीपिग हवाय? दुकानात नको, शेल्टरमध्ये जा

मुलीच्या सातव्या वाढदिवसाला तिला कुत्रा हवा होता. आम्ही दोघं नोकरी करणारे, सॅन होजेतलं अपार्टमेंट भाड्याचं आणि दर दोन वर्षांनी डिसेंबरात पुण्याची वारी ठरलेली. मग आमच्यासारखी बरीच मंडळी जी तडजोड करतात, तीच आम्ही केली. दुकानातून गिनीपिग आणला. पिंजरा, भुसा, पाकिटातलं खाणं आणि एक गिनीपिग, सगळं अर्ध्या तासात गाडीत. बिल देताना कुणी एक प्रश्न विचारला नाही. आईला फोनवर सांगितलं, तर तिला हा शब्द फक्त "आम्हाला काय गिनीपिग समजलात का" एवढ्यापुरताच माहीत. व्हिडिओवर बघून म्हणाली, "अरे, हा तर शेपटी नसलेला उंदीर!"

तो दहा महिने जगला. नीट सांभाळला तर हा प्राणी पाच ते आठ वर्षं जगतो.

एका शुक्रवारी संध्याकाळी त्याने खाणं सोडलं. मला वाटलं पोट बिघडलं असेल, एक दिवस उपास घडला तर बिघडलं कुठे? आपल्याकडे लंघन हेच पहिलं औषध. गिनीपिगच्या बाबतीत याहून मोठी चूक नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही, की ते मंदावतं आणि मग प्राणी हाताला लागत नाही. शनिवारी जवळच्या व्हेटला फोन केला, तर ते फक्त कुत्री-मांजरी बघतात म्हणाले. छोट्या प्राण्यांचा डॉक्टर शोधेपर्यंत रविवार उजाडला. त्या रात्री तो गेला. मुलीने विचारलं, "बाबा, तो एकटा होता म्हणून का?"

मी वाचायला लागलो, ते त्यानंतर. कंप्युटर इंजिनीअरिंग केलेला माणूस, साधा टीव्ही घेताना तीस रिव्ह्यू वाचतो आणि जिवंत प्राणी घेताना एकही वाचला नव्हता. हा कळपात राहणारा प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून एकटा गिनीपिग ठेवणं कायद्याने मना आहे. माणसाप्रमाणेच त्याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, ते खाण्यातून रोज मिळावं लागतं. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. दोघांना साडेसात-आठ चौरस फूट तरी जागा लागते. आमचा पिंजरा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

काही महिन्यांनी मुलीने परत विषय काढला, तेव्हा आम्ही काउंटीच्या शेल्टरमध्ये गेलो. फॉर्म बघून मी बायकोला म्हटलं, व्हिसाच्या मुलाखतीत इतकं विचारत नाहीत. घर कुणाचं, घरमालकाची परवानगी आहे का, मूल कंटाळलं तर कोण बघणार, बाहेरगावी किती दिवस जाता, प्राण्यांच्या खर्चाला पैसे बाजूला ठेवलेत का. आधी राग आला. मग जाणवलं, यातले दोन प्रश्न जरी दुकानात विचारले असते, तर आम्ही रिकाम्या हाताने परत आलो असतो आणि ते बरं झालं असतं.

तिथल्या स्वयंसेवक बाई सांगत होत्या, इथे येणारे निम्मे प्रश्न दुकानातच जन्मतात. "दोन्ही माद्या आहेत" म्हणून घेतलेल्या जोडीतला एक नर निघतो. मादी महिन्याभराची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे दोन महिन्यांनी विते आणि विल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. हिशोब तुम्हीच करा. कॅलिफोर्नियात 2019 पासून दुकानांना पैदास केंद्रांतून आणलेली कुत्री, मांजरं आणि ससे विकता येत नाहीत, पण त्या कायद्यात गिनीपिग नाही. न्यूयॉर्क शहराने मात्र कोविडच्या काळात हौसेने घेतलेले गिनीपिग नंतर शेल्टरमध्ये येऊन पडायला लागल्यावर दुकानांतली त्यांची विक्रीच बंद केली.

आता आपल्या लोकांबद्दल. "आमचं इथे काही नक्की नाही, अडॉप्शनच्या भानगडीत कशाला पडायचं, छोटासा विकतच घेऊ," हे मी तीन-चार घरांत ऐकलंय. मला वाटतं हे नेमकं उलटं आहे. एच-वन-बी वर असलेल्याची नोकरी गेली, की हातात फार तर 60 दिवस. 2023 च्या ले-ऑफमध्ये आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घर आवरलं, गाडी विकली, आणि शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर सोफा, मिक्सर आणि गिनीपिग एकाच यादीत टाकले. सोफा पहिल्या दिवशी गेला. गिनीपिगसाठी कुणी उत्तर दिलं नाही (मीही नाही, तेव्हा आमचा नुकताच गेला होता). कुत्रा-मांजर कागदपत्रं करून भारतात नेणारे लोक मला माहीत आहेत, गिनीपिग नेलेला कुणी भेटलेला नाही. काही जण त्यांना बागेत सोडून येतात, तिथे तो पाळीव प्राणी जगत नाही. दुकानदार काही वर्षांनी तो परत घेणार नाही. रेस्क्यूच्या करारात मात्र बहुधा लिहिलेलंच असतं की सांभाळणं जमलं नाही, तर प्राणी आमच्याकडेच परत आणा. ज्यांचं काही नक्की नाही, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय कोणती?

आणि तेवढीही खात्री नसेल, तर फॉस्टर करा. काही आठवडे किंवा महिने प्राणी तुमच्याकडे राहतो, औषधपाण्याचा खर्च सहसा संस्था करते, आणि मुलांची हौस खरी आहे की वाढदिवसापुरती, तेही कळतं.

आम्ही दोन वर्षांचे दोन भाऊ आणले. मोठे प्राणी पटकन कुणी नेत नाही, सगळ्यांना पिल्लं हवी असतात. पण यांचं लिंग तपासलेलं होतं, स्वभाव माहीत होता, दोघांचं पटतं हेही माहीत होतं. मुलीने नावं ठेवली लाडू आणि चिवडा. दर रविवारी ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्यांचं वजन करून वहीत लिहिते, कारण आजार आधी वजनात दिसतो. आई सहा महिने इथे आली होती, तेव्हा कोथिंबीर निवडायला बसली की जुडीच्या आवाजाने दोघं शिट्ट्या मारायचे. उंदीर म्हणणारी तीच बाई आता फोनवर आधी विचारते, "त्यांनी खाल्लं का?" कांदा-लसूण त्यांना चालत नाही म्हटल्यावर तर ती फारच खूश झाली होती.

या डिसेंबरात आम्ही पुण्याला जातोय. ते तीन आठवडे लाडू-चिवडा मिलपिटासच्या एका मराठी घरी राहणार आहेत. त्यांच्या मुलालाही गिनीपिग हवाय. मी त्यांना म्हटलं, आधी तीन आठवडे रोज पिंजरा साफ करून बघा, मग शेल्टरचा फॉर्म भरायला मी बरोबर येतो.