मोठ्ठा पंप लावा म्हणजे झालं!

परवाच्या रविवारी लेक सेंट क्लेअरच्या धक्क्यावर माझं एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. डेट्रॉईटकडची मराठी माणसं एरवी गणपतीच्या वर्गणीवरून भांडतात, आम्ही भांडलो फ्युएल पंपावरून. मित्राचं खरं नाव सांगत नाही, बंड्या म्हणू. बंड्या माझ्यापेक्षा सीनियर, पगार जास्त, आणि त्याच्याकडे जुनी 24 फुटी स्पीडबोट आहे. आत 8.2 लिटरचं व्ही-एट, त्यावर गेल्या वर्षी त्याने सुपरचार्जर बसवून घेतला. आता 600 हॉर्सपॉवर, असं तो सगळ्यांना सांगतो. (सासऱ्यांनासुद्धा.)

सुपरचार्जर आला, म्हणजे पेट्रोल जास्त लागणार, म्हणजे पंप मोठा हवा. इथपर्यंत ठीक. मग बंड्याने काय केलं? खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून ताशी 450 लिटरचा गाडीचा पंप मागवला. "मोठा असला तर बिघडतंय काय? जास्तीचं परत टाकीत जाईल की!"

मंडळी, हे वाक्य आपण ऑफिसात रोज ऐकतो. सर्व्हर स्लो झाला? रॅम वाढवा. क्वेरी कोणी वाचायची नाही. आळसाला आपण "सेफ साइड" असं गोंडस नाव दिलंय, माझा राग त्याच्यावर आहे.

हिशोब पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण 270 ग्रॅम इंधन खातं. 600 गुणिले 270, म्हणजे 162 किलो. पेट्रोलची घनता 0.74 धरली तर 220 लिटरच्या आसपास. त्यावर 20 टक्के सोडा, 265 लिटर. संपलं. फक्त हे 265 लिटर कुठल्या दाबाला आणि किती व्होल्टला मिळायला हवेत, ते विचारायचं. रेल प्रेशर 3 बार, त्यात सुपरचार्जरचा अर्धा बार मिळवा, म्हणजे साडेतीन. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा कमी दाबाचा असतो, आणि तोही 13.5 व्होल्टला. बारीक वायर टाकून पंपापाशी साडेअकराच पोचले तर तो आकडा विसरा. पंपाबरोबर फ्लो आणि प्रेशरचा ग्राफ येतो. बंड्याने तो खोक्यासकट टाकून दिला होता.

आणि बोट म्हणजे गाडी नव्हे हो! हायवेला चढताना तुम्ही दहा सेकंद पाय दाबता, मग सोडता. पाण्यात उतार नसतो. प्रोपेलर पाणी कापतोय तोवर इंजिन लोडवर, सलग दहा-दहा मिनिटं. गाडीत ज्या पंपाचा कमीपणा कधी कळला नसता तो इथे पिस्टन वितळवून कळतो. मिश्रण लीन झालं, डेटोनेशन सुरू झालं, की तुम्हाला ऐकू येईपर्यंत काम तमाम.

मग मोठाच पंप बरा नाही का? नाही! इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पैलवान असतो, ओढण्यात अगदीच लेचापेचा. बोटीत पेट्रोल टाकीच्या वरून पिकअप ट्यूबने ओढलं जातं. तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, नळी फुटली तर टाकी आपोआप बोटीच्या पोटात रिकामी होऊ नये म्हणून. पुढे फिल्टर, मग लांब नळी. त्याच जुन्या बारीक नळीतून 450 लिटर ओढायला गेलात तर पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम वाढतो, पेट्रोल तिथेच उकळतं आणि पंप बुडबुडे चघळत बसतो. शिवाय ते "परत टाकीत जाणारं" पेट्रोल इंजिनची उष्णता घेऊन जातं, टाकी तापते, बुडबुडे वाढतात. मोठा पंप लावून इंजिन उपाशी!

बंड्याचं नेमकं हेच झालं. बोट पूर्ण स्पीडला खोकायला लागली. आता शहाणा माणूस काय करेल? पंपाच्या आधी व्हॅक्यूम गेज लावेल, नळी जाड करेल. बंड्याने पंप उचलून मागे टाकीशेजारी नेला, आणि व्हॉल्व्हमधला छर्रा काढून फेकला. वर पंपाची वायर थेट किल्लीला जोडली.

अमेरिकन कोस्ट गार्डचे नियम आहेत याबद्दल. पंप इंजिनवर, किंवा इंजिनपासून 12 इंचांच्या आत. इलेक्ट्रिक पंप फक्त इंजिन चालू असताना किंवा चालू करताना चालला पाहिजे. बंड्या म्हणतो, "ते बोट बनवणाऱ्या कंपन्यांना रे." बरोबर आहे, घरी येऊन कोणी पकडणार नाही. पण नियमामागचं कारण बघ ना बाबा! पंप इंजिनजवळ असेल तर लांब नळी सक्शनवर असते. तिला चीर पडली तर हवा आत जाते, इंजिन अडखळतं, तुम्ही शिव्या देत ओढून घेतलेल्या बोटीतून घरी येता. पंप टाकीजवळ नेलात तर तीच नळी साडेतीन बारवर. चीर पडली की फवारा, आणि इंजिन बंद पडलं तरी किल्ली आहे तोवर फवारा चालूच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीखालून ती वाऱ्यावर उडून जाते, बोटीत खाली तळाशी साचते. हवेत साधारण दीड टक्का झाली की एक ठिणगी पुरे. म्हणून तर प्रत्येक अशा बोटीवर पाटी असते, सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा. म्हणूनच बोटीचे स्टार्टर, अल्टरनेटर, पंप सगळे ठिणगी बाहेर न सोडणारे घ्यायचे, आणि नळी अडीच मिनिटं आगीत तग धरणारी, ए1 शिक्क्याची. स्वस्तातला गाडीचा पंप दिसायला सेम टू सेम असतो. तिथेच फसतो माणूस.

करायचं काय ते फार अवघड नाही. इंजिनवर एक लो प्रेशर लिफ्ट पंप, त्याने भरलेलं छोटं भांडं, आणि त्या भांड्यातून ओढणारा हाय प्रेशर मरीन पंप, 265 लिटरच्या हिशोबाचा. जाड फीड नळी. रिले ईसीयूकडून. खर्च जास्त आहे, मान्य. सुपरचार्जरला पैसे होते तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता.

रविवारी मी इंजिनचं झाकण उचललं तेव्हा पेट्रोलचा वास आला. बंड्या म्हणाला, "एवढा वास असतोच रे." बोटीत त्याची दोन मुलं लाइफ जॅकेट घालून बसलेली. मी त्यांना खाली उतरवलं, किल्ली काढून खिशात टाकली, आणि वहिनींसमोर आमची जुंपली. मोठ्या भावासारख्या माणसावर मी ओरडलो, त्याचं वाईट वाटतंय. किल्ली परत दिली नाही, त्याचं नाही.

बंड्या, वाचत असशील तर, नवा अँटी-सायफन व्हॉल्व्ह मी ऑर्डर केलाय, गुरुवारी येईल. शनिवारी सकाळी पाने घेऊन येतो. पंप आधी तिथून काढू, मग काय बोलायचं ते बोल.