दंत महाविद्यालयांची क्रमवारी नेमके काय मोजते?

‘नीट’चा निकाल लागला की एमबीबीएस प्रवेशाची चर्चा पंधरा दिवस चालते आणि तिच्या शेपटाला दंतवैद्यकाचा विषय निघतो. एमबीबीएसला थोडक्यात हुकलेल्या मुलांच्या घरी मग याद्या उघडल्या जातात. एका यादीत केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीतले स्थान, दुसरीत गेल्या वर्षीचा कटऑफ, तिसरीत शुल्क. देशात दंतवैद्यकाची तीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत. चार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि खासगी महाविद्यालय असेल तर दरवर्षी काही लाख रुपये, एवढा मोठा हा निर्णय. पण तो ज्या आकड्यांवर घेतला जातो, ते आकडे चांगला दंतवैद्य कुठे घडतो याविषयी फार थोडे सांगतात.

‘एनआयआरएफ’पासून सुरुवात करू. दंतवैद्यकासाठी ही क्रमवारी २०२० पासून निघते. २०२५ च्या यादीत पहिला क्रमांक दिल्लीच्या ‘एम्स’चा आहे. संस्था नामांकित आहे, यात वादच नाही. अडचण एवढीच की ‘एम्स’ दिल्लीच्या दंत केंद्रात बीडीएस हा अभ्यासक्रमच नाही. तिथे पदव्युत्तर एमडीएस शिकवले जाते. म्हणजे बारावीनंतर महाविद्यालय शोधणाऱ्या मुलाने यादी उघडली, तर पहिलीच संस्था त्याच्या उपयोगाची नाही. यात ‘एम्स’चा काही दोष नाही. यादी कोणाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनवली आहे, हे न पाहता ती वापरली जाते, हा खरा दोष.

या क्रमवारीचे पाच मोठे निकष आहेत: अध्यापन व साधनसामग्री, संशोधन, विद्यार्थ्यांची निष्पत्ती, समावेशकता आणि लौकिक. या पाच मथळ्यांत ‘रुग्ण’ हा शब्द कुठेच नाही. संशोधनाला मात्र शंभरातले ३० गुण आहेत. बरीचशी माहिती महाविद्यालयेच भरून पाठवतात, आणि यादीत क्रमांक छापले जातात ते पहिल्या ४० संस्थांचे. उरलेल्या अडीचशेहून अधिक महाविद्यालयांबद्दल ही यादी मूक आहे, आणि बहुसंख्य मुले शिकतात ती त्याच महाविद्यालयांत.

संशोधनाला एवढे वजन दिले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. चेन्नईचे सविता दंत महाविद्यालय २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे ‘एनआयआरएफ’च्या दंत यादीत पहिले होते, ‘क्यूएस’च्या जागतिक यादीतही ते पहिल्या वीसांत पोहोचले होते. जून २०२३ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकाने आणि ‘रिट्रॅक्शन वॉच’ने त्यावर शोधवृत्त प्रसिद्ध केले. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेचा भाग म्हणून शोधनिबंध लिहून घेतले जातात आणि त्या निबंधांत संस्थेच्याच आधीच्या निबंधांचे दाखले मोठ्या प्रमाणावर दिले जातात, असे त्यात मांडले होते. आपल्याच संस्थेचा दाखला देणे हा काही गुन्हा नव्हे. पण दाखल्यांची संख्या हाच क्रमवारीचा एक आधार असेल, तर ती वाढवण्याची यंत्रणा उभी करता येते. अशा यंत्रणेतून रुग्णाची दाढ नीट भरली जाते की नाही, हे कळायला मार्ग नाही.

मग कटऑफ पाहावा का? तो तर आणखी फसवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय किंवा बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय इथे कटऑफ चढा असतो, त्याचे पहिले कारण शुल्क. स्वस्त जागा आधी भरतात, एवढेच कटऑफ सांगतो. उलट बाजूला, २०२०-२१ च्या प्रवेशात देशभरात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची पर्सेंटाइल दहाने खाली आणली. मागणीच इतकी विषम असेल, तर कटऑफवरून शिकवण्याचा दर्जा ताडणे म्हणजे हॉटेलचे जेवण पार्किंगच्या गर्दीवरून जोखणे.

उत्तीर्णांच्या टक्केवारीचीही तीच गत. राज्यातली शासकीय आणि बहुतेक खासगी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यांची परीक्षा एकच. अभिमत विद्यापीठे मात्र आपली परीक्षा आपणच घेतात. दोन वेगळ्या तराजूंवरची वजने शेजारी लिहून कोण जड, कोण हलके ते ठरवता येत नाही.

दंतवैद्यकाचे वेगळेपण इथे लक्षात घ्यायला हवे. एमबीबीएस झालेला डॉक्टर पुढे अनुभवी वरिष्ठांच्या हाताखाली शिकत राहतो, स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करायला त्याला आणखी वर्षे लागतात. बीडीएस झालेला मुलगा किंवा मुलगी मात्र नोंदणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पाटी लावू शकते आणि तुमच्या जबड्यात भुलीचे इंजेक्शन देऊन दाढ काढू शकते. हे काम हाताचे आहे. पहिल्या दोन वर्षांत प्लास्टरच्या साच्यांवर, काढलेल्या दातांवर आणि कृत्रिम डोक्याच्या प्रतिकृतीवर सराव होतो. तिसऱ्या वर्षापासून समोर खरा रुग्ण येतो. त्याची जीभ हलते, लाळ सुटते, तो घाबरतो. तिथून पुढचे शिक्षण खुर्चीपाशी होते.

संपूर्ण कवळीचेच पाहा. प्राथमिक माप, अंतिम माप, दोन्ही जबड्यांचा मेळ, मेणात बसवलेल्या दातांची चाचणी आणि मग कवळी बसवणे, अशा साधारण पाच भेटी होतात. त्यानंतर कवळी टोचते म्हणून आजोबा पुन्हा येतात, आणि कुठे किती घासायचे हे त्या सहाव्या-सातव्या भेटीत कळते. ज्या विद्यार्थ्याने माप स्वतः घेतले, पण कवळी बसवताना रुग्ण दुसऱ्याकडे गेला, त्याच्या वहीत काम झाल्याची सही असते. शिकणे अर्धेच झालेले असते. वरच्या दाढेला तीन-चार नलिका असतात. त्यातली लपलेली नलिका शोधायला शिकायचे, तर एक-दोन दाढांवर भागत नाही.

म्हणून दर्जाचा पहिला प्रश्न असा असायला हवा: एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती रुग्ण येतात आणि त्यांपैकी किती जणांचे उपचार त्याच्याच हातून, शिक्षकाच्या नजरेखाली, शेवटपर्यंत पूर्ण होतात? मोठ्या शहरातल्या जुन्या सरकारी महाविद्यालयात रुग्णांची रांग असते. यंत्रे जुनी असतील, एखादी खुर्ची बंद असेल, पण हात तयार होतात. महामार्गालगत चकाचक इमारत, शंभर जागा आणि जवळपास मोठी वस्ती नाही, असे असेल तर गणित उलटे होते. मग शिबिरे घेऊन गावांतून बसने रुग्ण आणले जातात. विद्यार्थ्यांनी आपला ‘कोटा’ भरण्यासाठी रुग्णाचे केसपेपरचे, कवळीचे, कधी येण्याजाण्याचेही पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे, हे दंतवैद्यकाच्या वसतिगृहांत उघड गुपित आहे. शुल्क भरून शिकायचे आणि वर शिकण्यासाठी लागणारा रुग्णही विकत आणायचा! सरकारी म्हणजे उत्तम आणि खासगी म्हणजे सुमार, असे मात्र समजू नये. चांगला रुग्णसंपर्क, वेळेवर येणारे शिक्षक आणि उत्तम प्रयोगशाळा असलेली खासगी महाविद्यालये राज्यात आहेत. अडचण ही की ती कोणती, हे कळण्याची सार्वजनिक सोय नाही.

इतर देशांत काय करतात? अमेरिकेत महाविद्यालयांच्या क्रमवारीसाठी प्रसिद्ध असलेले ‘यूएस न्यूज’ दंत महाविद्यालयांची क्रमवारी लावत नाही. तिथे ‘कोडा’ हा आयोग साधारण सात वर्षांनी प्रत्येक महाविद्यालयाची प्रत्यक्ष पाहणी करून मान्यता देतो, आणि विद्यार्थ्यांना एकच राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिल पाहणी अहवाल संकेतस्थळावर ठेवते. कोणता निकष पूर्ण झाला, कोणता अर्धवट आणि कोणता नाही, हे कोणालाही वाचता येते. पालकाला पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक मिळत नाही, पण कुठे काय कमी आहे ते कळते. मला हे जास्त उपयोगाचे वाटते.

आपल्याकडे संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची आणि त्याखालील दंत परिषदेची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, बीडीएसच्या शेवटी देशभर एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा, जी व्यवसायाच्या परवान्यासाठीही असेल आणि एमडीएस प्रवेशासाठीही. दोन, महाविद्यालयांची तपासणी आणि मानांकन करणारे स्वतंत्र मंडळ. परीक्षेमुळे निरनिराळ्या विद्यापीठांची तुलना निदान एका तराजूवर येईल. लेखी उत्तरातून हाताची सफाई दिसणार नाही, तरीही हे पाऊल मोठे आहे. मानांकन मंडळाने मात्र पुन्हा शोधनिबंध, इमारत आणि लौकिक यांचेच गुण मांडले, तर यादीचे फक्त नाव बदलेल.

तोवर पालकांनी काय करावे? प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरण्याआधी महाविद्यालयात एखाद्या साध्या कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकरा वाजता जावे. तपासणीचा किंवा शिबिराचा दिवस टाळावा. ओपीडीत बसावे आणि किती खुर्च्यांवर रुग्ण आहेत, किती रिकाम्या आहेत, हे मोजावे. विद्यार्थी दाढ काढताना शिक्षक शेजारी उभे आहेत की केबिनमध्ये सहीची वाट पाहत आहेत, हे पाहावे. हत्यारे निर्जंतुक होऊन बंद पाकिटातून येतात का, तेही दिसते. मग इंटर्नला कँटीनमध्ये गाठून विचारावे: तू स्वतः किती रूट कॅनाल पूर्ण केलेस, किती कवळ्या बसवल्यास, आणि रुग्णाचे पैसे कोणी भरले? मुले सहसा खरे सांगतात.

हेच आकडे मंडळाला मागता येतील: रोजचे रुग्ण, चालू खुर्च्या, प्रत्येक विद्यार्थ्याने पूर्ण केलेले उपचार, पुन्हा करावी लागलेली कामे. त्यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. ओपीडीचे रजिस्टर रोज भरले जाते, प्रत्येक रुग्णाचा केसपेपर निघतो आणि विद्यार्थ्याच्या लॉगबुकात प्रत्येक कामापुढे तारखेसह शिक्षकाची सही असते.